एका मनोऱ्याचं से कॅथेड्रल

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातातलं काम चालू ठेवून ऐका, आमची काही हरकत नाही. भाजी निवडता निवडताही गोव्याला जाऊन येता येतं.

गोव्याच्या सहली आता गावोगावच्या बचतगटांच्या निघतात. सकाळी मंगेशी, मग शांतादुर्गा, दुपारी जुनं गोवं आणि संध्याकाळी समुद्र, असा ठरलेला बेत असतो. जुन्या गोव्यात गाडी अर्धा तास थांबते. बायका उतरतात, फोटो काढतात, परत गाडीत बसतात. मग आम्हाला प्रश्न येतात. चर्च आणि कॅथेड्रल यात फरक काय? समोरासमोरच्या दोन देवळांपैकी एक पांढरं आणि एक लाल का? त्या पांढऱ्याला एका बाजूलाच मनोरा का? सेंट झेवियरचं शरीर नेमकं कुठे ठेवलंय? आणि एक प्रश्न दबक्या आवाजात येतो, तो म्हणजे तिथे आपण आत गेलं तर चालतं का?

हे सगळे प्रश्न चांगले आहेत. आज आपण त्यांचीच उत्तरं घेऊ. त्यासाठी त्या पांढऱ्या इमारतीपाशी जाऊ. तिचं नाव से कॅथेड्रल.

पहिल्यांदा नावाचा उलगडा करू. ‘कॅथेड्रा’ म्हणजे खुर्ची, आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. ‘से’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थही आसनच. म्हणजे आपल्याकडे जसं पीठ म्हणतात, गादी म्हणतात, तसंच. साधं चर्च एका गावाचं किंवा वाड्यांचं असतं. अशा अनेक चर्चचा मिळून एक धर्मप्रांत होतो, त्याचा प्रमुख बिशप, आणि त्याची गादी जिथे असते ते कॅथेड्रल. त्याची उंची किती, थाटमाट किती याच्याशी या नावाचा संबंध नाही. आपल्या महाराष्ट्रातही कॅथेड्रलं आहेत. मुंबईत कुलाब्याला होली नेम, पुण्यात सेंट पॅट्रिक, वसईत पापडीचं, आणि सावंतवाडीचं मिलाग्रिस. वसईच्या धर्मप्रांतातल्या कितीतरी जणी घरात मराठीच बोलतात आणि प्रार्थनाही मराठीत करतात.

मग बॅसिलिका म्हणजे काय? तो पोपने दिलेला मानाचा किताब असतो. जुन्या गोव्यात रस्त्यापलीकडे जी लाल इमारत दिसते ती बॉम जेझू बॅसिलिका. तिला हा किताब १९४६ साली मिळाला. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर तिथे आहे, कॅथेड्रलमध्ये नाही. तेव्हा मैत्रिणींनो, पांढरं ते कॅथेड्रल आणि लाल ती बॅसिलिका, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा घोळ मिटतो.

आता या कॅथेड्रलची जन्मकथा. ती एका तारखेपासून सुरू होते. १५१० साली गोवं विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होतं. मांडवीच्या काठी हे भरभराटीचं बंदर होतं. अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराने त्या वर्षी ते एकदा घेतलं, पावसाळ्याच्या तोंडावर गमावलं, आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकलं. त्या विजयानंतर शहरातल्या मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. अल्बुकर्कने स्वतःच राजाला पत्र लिहून ते कळवलं होतं. ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे २५ नोव्हेंबर हा सेंट कॅथरीनचा दिवस. म्हणून विजयाचं श्रेय तिला दिलं गेलं, तिच्या नावाने एक लहानसं प्रार्थनाघर उभं राहिलं, आणि पुढे मोठं कॅथेड्रल बांधायचं ठरलं तेव्हा तेही तिलाच अर्पण केलं गेलं.

ही कॅथरीन कोण, हे आपण बायकांनी जरूर ऐकावं. कथा अशी की चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात ती राहत होती. मोठ्या घरातली, अठरा वर्षांची, खूप शिकलेली. रोमन सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता. ही पोर सरळ त्याच्यापुढे उभी राहिली आणि हे चूक आहे म्हणाली. सम्राटाने तिचं तोंड बंद करायला पन्नास पंडित बोलावले. वादात तिने सगळ्यांना निरुत्तर केलं. आपल्याकडे याज्ञवल्क्यासमोर प्रश्नामागून प्रश्न करणारी गार्गी आहे ना, तिची आठवण यावी अशी ही मुलगी. पण कॅथरीनच्या वादाचा शेवट भयंकर झाला. खिळे ठोकलेल्या चाकावर तिला मारायचं ठरलं. कथेप्रमाणे ते चाक मोडून पडलं. मग तिचा शिरच्छेद केला. दिवाळीत आपण जे भुईचक्र लावतो, त्यासारख्या फिरत्या दारूकामाला इंग्रजीत कॅथरीनचं चाक म्हणतात, ते यावरूनच.

या कथेला इतिहासाचा भक्कम पुरावा नाही, म्हणून कॅथलिक चर्चने १९६९ साली तिचा सण आपल्या सर्वसाधारण पंचांगातून काढला. २००२ साली तो ऐच्छिक म्हणून परत घेतला. पण लोकांच्या मनातून ती कधी गेली नव्हती. विद्यार्थ्यांची, तत्त्वज्ञांची आणि लग्न न झालेल्या मुलींची ती रक्षणकर्ती मानली जाते. गंमत बघा, वादात जिंकणाऱ्या मुलीचं नाव गोव्यात आलं ते लढाईच्या तारखेमुळे. आज कॅथेड्रलमध्ये जाऊन तिला ओळखायचं असेल तर तारीख बाजूला ठेवून तिची गोष्ट बघावी. ती तिथे सोन्यात कोरलेली आहे. त्याकडे आपण येऊच.

१५३३ साली गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याची हद्द ऐकाल तर थक्क व्हाल. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत! एवढ्या मुलखाच्या बिशपची गादी मांडवीकाठच्या या शहरात. पुढे पंचवीसएक वर्षांत गोव्याचा बिशप आर्चबिशप झाला. मग जुनी इमारत अपुरी वाटू लागली. पोर्तुगालचा राजा सेबास्तियाँव याच्या काळात, १५६२ साली, आज दिसतं त्या कॅथेड्रलचं काम सुरू झालं. ते पुरं झालं १६१९ साली, आणि विधिपूर्वक अर्पण झालं १६४० साली. म्हणजे बांधकामच सत्तावन्न वर्षं चाललं. पाया खणताना ज्या बायका तान्ही लेकरं घेऊन बघायला आल्या असतील, त्यांच्या नातवंडांनी छत पुरं झालेलं पाहिलं असेल.

मापं सांगतो. लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ फूट, आणि दर्शनी भाग ११५ फूट उंच. आपल्या गावातल्या शाळेची इमारत डोळ्यांसमोर आणा आणि अशा किती शाळा आत मावतील ते मोजा. आशियातल्या मोठ्या चर्चमध्ये याची गणना होते. बांधकाम कशाचं? आपल्या कोकणातल्या घरांना लागतात त्याच जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं. वरून चुन्याचा गिलावा. दर्शनी भाग पूर्वेकडे. बाहेरचं रूप साधं, सरळ रेषांचं, जाड भिंतींचं. आत गेल्यावर मात्र खांबांची डोकी पानाफुलांनी नटलेली. बाहेरची शैली टस्कन आणि आतली कॉरिंथियन, असं जाणकार सांगतात. आपण असं म्हणू, बाहेरून साधी नऊवारी आणि आतून जरीचा पदर.

आता मनोऱ्याचा प्रश्न. मुळात दर्शनी भागाच्या दोन्ही बाजूंना मनोरे होते. १७७६ साली उत्तरेकडचा मनोरा वीज पडून कोसळला. तो पुन्हा बांधला गेला नाही. समोर उभ्या राहिलात तर तुमच्या डाव्या हाताचा, म्हणजे दक्षिणेकडचा मनोरा आहे आणि उजवीकडची जागा रिकामी आहे.

का बांधला नसेल? त्या वेळच्या गोव्याची अवस्था बघितली की अंदाज येतो. ज्या शहराचा थाट युरोपात गाजला होता ते तोवर ओस पडत चाललं होतं. हिवताप, पटकी अशा साथींनी लोक मेले, उरलेले गाव सोडून गेले. व्हाइसरॉयही १७५९ साली पणजीला राहायला गेला. १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. ज्या शहरात माणसं नाहीत तिथे मनोरा कोणासाठी बांधायचा? आम्हाला तर वाटतं, त्या रिकाम्या जागेइतका जुन्या गोव्याचा इतिहास दुसरं काहीच सांगत नाही. दोन मनोऱ्यांचं कॅथेड्रल जगात पुष्कळ ठिकाणी आहे. एका मनोऱ्याचं हे आपल्या शेजारचं.

उरलेल्या मनोऱ्यात घंटा आहेत. त्यातली मोठी घंटा ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध आहे. ती गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा. तिच्या आवाजाच्या गोडव्यावरून हे नाव पडलं असं म्हणतात. या घंटेची एक काळी आठवणही आहे. गोव्यात १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडता, इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय होतं. त्याचा वाडा या कॅथेड्रलपासून जवळच होता. बाटवलेल्या लोकांनी घरात जुन्या चालीरीती पाळल्या, तुळस लावली, जुन्या पद्धतीने लग्नकार्य केलं, असे आरोप ठेवून माणसांना तिथे डांबत. शिक्षा जाहीर करण्याचा मोठा समारंभ होई, आणि त्या वेळी ही घंटा वाजे असं सांगितलं जातं. चार्ल्स डेलाँ नावाचा एक फ्रेंच डॉक्टर त्या कोठडीत राहून आला आणि १६८७ साली त्याने ती हकिकत छापली, म्हणून आतल्या कारभाराची बाहेरच्या जगाला माहिती झाली.

मैत्रिणींनो, हा भाग सांगताना आम्हीही थोडं थांबलो. सांगावं की नाही, असा विचार आमच्या बैठकीत झाला. मग ठरलं, सांगायचं. कारण आपल्यातल्या कित्येकींची कुलदैवतं गोव्यात आहेत, आणि आपण सहलीत सकाळी जिथे ओटी भरतो ती देवळं तिथे का आहेत, हे या इतिहासाशिवाय कळत नाही. मंगेशी मूळचा कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा मूळची केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या तालुक्यांतली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेले. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता. देव गेले, काही माणसं त्यांच्याबरोबर गेली, काही शेतीवाडी धरून मागे राहिली. मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांचा धर्म बदलला. म्हणजे मंगेशीच्या रांगेत उभी असलेली बाई आणि कॅथेड्रलच्या बाकावर बसलेली बाई, दोघींच्या पणज्यांच्या पणज्या कदाचित एकाच विहिरीवर पाणी भरत असतील.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की झालेलं झाकू नये आणि त्याचा राग आज तिथे प्रार्थना करणाऱ्या बाईवर काढू नये. तिने काही देऊळ पाडलेलं नाही. ती चार-पाचशे वर्षांपासून तिच्या घरात चालत आलेला देव पुजते आहे, जशा आपण पुजतो. गोव्यातल्या बायकांनी तर हे केव्हाच सोडवून टाकलंय. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या सख्ख्या बहिणी आहेत असं तिथे मानतात. सात बहिणींपैकी एक ख्रिस्ती झाली, म्हणून काही तिचं माहेर तुटलं नाही. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू बायकाही तेल घेऊन जातात. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं, पण नातं टिकवायचं कसं हे त्यात पुरेपूर आलं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात फारशी येत नाही. अल्बुकर्कने आपल्या सैनिकांची लग्नं इथल्या बायकांशी लावून दिली. त्यात लढाईत नवरे गेलेल्या मुसलमान बायकाही होत्या. गोव्यात पोर्तुगीजांचा पाय रोवला तो या संसारांवर. सरदारांची नावं दगडावर कोरली गेली. या बायकांना कोणी विचारलं असेल का, त्यांनी नवीन नाव कसं उच्चारलं असेल, जुनं नाव घरात हळूच कोणी घेत असेल का, हे कुठल्याच पाटीवर नाही. कॅथेड्रलच्या पायऱ्या चढताना त्यांची आठवण काढायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

चला, आता आत जाऊ. दारातून शिरल्यावर जवळच सेंट ख्रिस्तोफरचं मोठं चित्र दिसतं. हा प्रवाशांचा रखवालदार. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा. वसुदेवाने कृष्णाला टोपलीतून यमुनापार नेलं, ते आपल्याला आठवल्याशिवाय राहत नाही.

मग बाप्तिस्म्याचं पात्र. ते १५३२ सालचं आहे, म्हणजे या इमारतीहूनही जुनं. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात आले. त्यांनी याच पात्रातल्या पाण्याने लोकांना बाप्तिस्मा दिला असं मानतात.

समोर मधला लांब दिवाणखाना, त्यावर अर्धगोल कमानीचं छत, आणि दोन्ही बाजूंना एकेक ओवरी. या ओवऱ्यांना लागून उजवीकडे चार आणि डावीकडे चार अशी आठ छोटी प्रार्थनाघरं आहेत. त्यांना चॅपल म्हणतात. एक सेंट अँथनीचं, एक सेंट सेबास्तियनचं, एक ‘गरजांच्या माते’चं. हे नाव आम्हाला फार आवडलं. मोठमोठ्या पदव्या बाजूला ठेवून, घरात मीठ संपलं, पोराला ताप आला, अशा वेळी हाक मारायची आई.

दोन चॅपलना लाकडी कोरीव जाळ्या आहेत. त्यातलं एक ‘चमत्कारांच्या क्रुसा’चं. या क्रुसावर १६१९ साली ख्रिस्ताचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे. म्हणजे कॅथेड्रलचं बांधकाम पुरं झालं त्याच वर्षी. हा क्रूस वाढतो असंही भाविक मानतात. आजारी माणसं, त्यांच्या आया, त्यांच्या बायका इथे येऊन त्याला हात लावतात. दुसऱ्या जाळीमागचं चॅपल परमप्रसादाचं. तिथे लोक शांत बसून असतात. तिथे फोटो काढायला जाऊ नये.

आणि आता शेवटी मुख्य वेदी. पाय आपोआप थांबतात. खालपासून वरपर्यंत लाकडाचं कोरीव काम आणि त्यावर सोन्याचा वर्ख. सकाळच्या उजेडात ते झळाळतं. त्यात सहा मोठ्या चौकटी आहेत. त्या चौकटींत कॅथरीनची गोष्ट आहे, तिच्या आयुष्यातले प्रसंग आणि तिचा मृत्यू. वाचता न येणाऱ्या माणसांसाठी ही चित्रकथाच होती. मघाशी सांगितलेली गोष्ट आता तुमच्याजवळ आहे. चाक कुठे आहे ते शोधा. ती सम्राटापुढे कशी उभी आहे ते बघा. ज्या काळात मुलींना शाळेचं दार माहीत नव्हतं त्या काळात, गोव्याच्या सगळ्यात मोठ्या वेदीवर एक शिकलेली मुलगी बसवली होती, हे काही लहान नाही. तिच्याकडे बघून एखाद्या बापाने आपल्या पोरीला शिकवलं असेल का, कोण जाणे. आपण मात्र आपल्या नातीला घेऊन जाऊन ती गोष्ट सांगू शकतो.

हे सोनं, हे कोरीव काम केलं कोणी? तेव्हाच्या चर्चच्या कागदांत एक मजेशीर गोष्ट सापडते. १५६७ साली गोव्यात धर्मसभा भरली. त्या सभेने ठरवलं की हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रं करून घेऊ नयेत. आता बंदी केव्हा घालावी लागते? ती कामं सर्रास होत असतील तेव्हाच ना! गोव्याच्या चर्चमधल्या कोरीव कामात वेली, पानं, फळं, गुबगुबीत चेहरे बघितले की इथल्याच हातांची ओळख पटते. कारागिराचा हात कोणत्याही देवाची पानं सारख्याच निगुतीने कोरतो.

मराठीचंही एक नातं इथे सांगायला हवं. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा शिकून मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली साष्टीत रायतूर इथे छापलं गेलं. म्हणजे इकडे कॅथेड्रलचं छत चढत होतं आणि तिकडे ज्ञानोबांच्या ओवीच्या वळणाने येशूची कथा तयार होत होती. बाटलेली माणसं पुराण ऐकल्याशिवाय राहात नव्हती, त्यांना त्यांच्या कानाच्या सवयीचं काहीतरी हवं होतं. पुढे १६८४ साली सरकारने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असं सांगितलं. फर्मान राहिलं कागदावर. चुलीपुढची भाषा फर्मानाने बदलत नाही, कारण ती आईच्या तोंडून येते. आज या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना होते ती कोकणीत.

सेंट झेवियरच्या शरीराचं आणि या कॅथेड्रलचं नातं काय, तेही सांगून टाकू. झेवियर १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनजवळच्या एका बेटावर वारले. त्यांचं शरीर गोव्यात आणलं गेलं आणि पुढे बॉम जेझूमध्ये ठेवलं. १७५९ साली पोर्तुगीज सरकारने जेझुइटांना हद्दपार केलं, तेव्हा लोकांत कुजबुज सुरू झाली की जाताना त्यांनी खरं शरीर नेलं. ती शंका मिटवायला १७८२ साली शरीर लोकांना दाखवलं गेलं, ते याच कॅथेड्रलमध्ये. मनोरा पडून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. आता साधारण दहा वर्षांनी असं दर्शन होतं. बॉम जेझूतून पेटी मिरवणुकीने रस्ता ओलांडून कॅथेड्रलमध्ये आणतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत होतं. लाखो माणसं रांगा लावतात, त्यात सगळ्या धर्मांची असतात.

आता लाल आणि पांढऱ्याचा प्रश्न राहिला. दोन्ही इमारतींत जांभा दगड आहे. दोन्हींना पूर्वी गिलावा होता. बॉम जेझूचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, दगड उघडा जुना दिसावा म्हणून. दिसायला तो खरंच देखणा दिसतो. पण कोकणातल्या बाईला विचारा, उघड्या चिऱ्याचं पावसात काय होतं. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. तो पाणी पितो, शेवाळ धरतो, हळूहळू भुसभुशीत होतो. गोव्यात वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. म्हणून तर आपल्या सासवा-आज्या पावसाळ्याआधी भिंतींना झड बांधायच्या आणि पावसाळ्यानंतर चुना लावायच्या. से कॅथेड्रलच्या अंगावर गिलाव्याचं कातडं शाबूत आहे, म्हणून ते सावरून आहे. बॉम जेझूला पुन्हा गिलावा करावा की नाही यावर गोव्यात वाद चालू आहे. लाल रूपाची लोकांना सवय झालीय. पण सवय आणि काळजी यात निवड करायची वेळ आली तर आपण घरात काय निवडतो, ते आपल्याला माहीत आहे.

१९८६ साली जुन्या गोव्यातल्या चर्च आणि मठांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. इमारतींची देखभाल भारतीय पुरातत्त्व खातं बघतं. तरी गेल्या काही वर्षांत संरक्षित भागाजवळच्या नव्या बांधकामावरून तिथल्या रहिवाशांना रस्त्यावर उतरावं लागलं. त्यात ख्रिस्ती होते, हिंदूही होते, आणि बायका पुढे होत्या. वारसा टिकतो तो यादीतल्या नावाने अर्धा आणि शेजाऱ्यांच्या जागेपणाने अर्धा.

तिथे गेलात तर जवळच सांता मोनिकाचा मठ आहे, तोही बघा. १६०६ ते १६२७ या काळात बांधलेलं हे जोगिणींचं घर. आशियातल्या सगळ्यात मोठ्या अशा मठांपैकी एक. आता त्यात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. चंदेरी भांडी, हस्तिदंती मूर्ती, भरतकाम केलेले झगे. भरतकाम बघायला आपल्यासारख्या डोळ्यांची माणसं हवीत. टाका कुठला आणि किती दिवसांचा, हे आपल्यालाच कळणार.

आणि तो दबक्या आवाजातला प्रश्न. आत गेलं तर चालतं का? चालतं. से कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट नाही आणि धर्म कोणी विचारत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, ते तर आपले असतातच. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहावं, मध्येच फिरू नये. पोरांना ओवरीत पळू देऊ नये. सोन्याच्या कामाला हात लावू नये, हाताच्या घामाने वर्ख जातो. मोबाइल बंद ठेवावा. नमस्कार करावासा वाटला तर करावा, नाही वाटला तर नुसतं शांत बसावं. देऊळ असो, दर्गा असो, चर्च असो, दुसऱ्याच्या घरात आपण जशा वागतो तसंच.

एक विनंती सहलीचा बेत आखणाऱ्या मैत्रिणींना. जुन्या गोव्यासाठी अर्धा तास ठेवू नका, निदान तीन तास ठेवा. समुद्र कुठे जात नाही. सकाळी लवकर जा, तेव्हा ऊनही कमी असतं आणि पूर्वेचा उजेड दर्शनी भागावर असतो. बाहेर हिरवळीवर उभ्या राहून आधी त्या रिकाम्या जागेकडे बघा, मग मनोऱ्याकडे, आणि मग आत जाऊन कॅथरीनला भेटा. गटात कोणी ख्रिस्ती मैत्रीण असेल तर तिला पुढे करा, ती आपल्यापेक्षा चांगलं सांगेल. आपण मंगेशीला तिला सांगू.

तुमच्या गावाजवळ एखादं जुनं चर्च, देऊळ, मशीद किंवा समाधी असेल आणि तिची गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असेल, तर ती आम्हाला कळवा. लिहिता येत नसेल तर केंद्रावर या, आम्ही तुमच्या आवाजात नोंदवून घेऊ. आज इथेच थांबतो. भाजी निवडून झाली असेल एव्हाना. नमस्कार.